एका फोर्कचे दोन मृत्यू

गेल्या रविवारी सकाळी बाबांचा फोन आला. पाऊस, पाणी, भुईमुगाचा भाव वगैरे झाल्यावर गडी मुद्द्यावर आला.

"आबांच्या राजदूतचा पुढचा चिमटा लई खिळखिळा झालाय. बुश गेलेत म्हणतोय मिस्त्री. जुनं सगळं काढून पाइपवाला शॉकअप बसवून देतो म्हणतोय. काय करू? तू इंजिनिअर, तू सांग."

मी इंजिनिअर आहे हे खरं, पण कंप्युटरचा. आमच्यात काही खिळखिळं झालं की सर्व्हर रीस्टार्ट करतात :-) तरीही तीन वर्षांपूर्वी हा प्रश्न आला असता तर मी एका मिनिटात "बदलून टाका" म्हणून मोकळा झालो असतो. या वेळी म्हटलं, "दोन दिवस द्या, सांगतो." बाबांना वाटलं असणार, पोरगं कामात आहे. खरं कारण वेगळं होतं. २०२३च्या उन्हाळ्यात मी क्लायंटच्या कृपेने अमेरिकेत मिलवॉकीला होतो, आणि तिथे मोटरसायकलच्या पुढच्या चिमट्यावर दोन म्हातारे जवळजवळ हमरीतुमरीवर आलेले पाहिले होते.

तर मंडळी, या वीकांताचं पुराण मोटरसायकलच्या पुढच्या सस्पेन्शनचं. बाइकमधलं काही कळत नसलं तरी वाचा, मलाही तेव्हा कळत नव्हतं.

मिलवॉकी हे हार्ले-डेव्हिडसनचं गाव. १९०३ साली विल्यम हार्ले आणि आर्थर डेव्हिडसन या दोन तरुणांनी तिथे एका लाकडी शेडमध्ये पहिली मोटरसायकल जुळवली. त्या गावात आता कंपनीचं मोठं म्युझियम आहे, आणि उन्हाळ्यात गुरुवारी संध्याकाळी त्याच्या आवारात बाइकवाले जमतात. मी जुलैत तिथे होतो आणि कंपनीचं एकशेविसावं वर्ष चालू होतं, म्हणजे गर्दी विचारू नका. त्या शेकडो गाड्यांत एका गाडीपुढे मी थबकलो. तिच्या पुढच्या चाकाला नेहमीचे दोन जाड गुळगुळीत पाइप नव्हते. त्यांच्या जागी क्रोमचे बारीक दांडे, वर हेडलाइटपाशी उघड्यावर बसवलेल्या स्प्रिंगा, खाली चाकाच्या आसापाशी छोट्या पट्ट्या. सगळी आतडी बाहेर. आणि मला एकदम आबांची राजदूत आठवली.

ही राजदूत म्हणजे एस्कॉर्ट्सची १७५ सीसीची. मूळ डिझाइन पोलंडचं, एसएचएल एम-११ नावाच्या मोटरसायकलचं. १९६०च्या दशकात ती भारतात बनू लागली आणि खेडोपाडी पोचली. आमच्याकडे कोल्हापूरजवळच्या गावात आबा तिला दोन बाजूंना दुधाचे कॅन अडकवून डेअरीवर जायचे. तिच्या पुढच्या चाकालाही पाइप नव्हते. चाक एका आडव्या, पुढे आलेल्या हातावर बसवलेलं आणि त्या हाताला मागच्या चाकासारखेच दोन शॉकअप. पुढच्या राजदूतांना टेलिस्कोपिक आले, आमची मात्र जुन्या पद्धतीची राहिली. आबा म्हणायचे, "पुढचा ब्रेक मारला की ही मान वर करती." लहानपणी मला ती आबांची गंमत वाटायची. ती गंमत नव्हती, ते मेकॅनिक्स होतं. त्याच्याकडे येतोच.

आधी मिलवॉकीची गाडी. त्या फोर्कला म्हणतात स्प्रिंगर. हार्लेनं १९०७च्या सुमारास हा प्रकार आपल्या गाड्यांना लावायला सुरुवात केली. तोवरच्या मोटरसायकली म्हणजे सायकलीला इंजिन, चिमटाही सायकलीचाच. रस्ते मातीचे आणि वेग वाढलेला, त्यामुळे मनगटं आणि चिमटे दोन्ही मोडायचे.

स्प्रिंगरची कल्पना साधी आहे. एकामागे एक असे पायांचे दोन जोड. मागचा जोड हँडलच्या मानेला पक्का, तो हलत नाही. पुढचा जोड वरखाली सरकतो आणि त्याच्या डोक्यावर स्प्रिंगा. खाली दोन्ही जोड एका छोट्या पट्टीने जोडलेले, तिला रॉकर म्हणतात, आणि चाकाचा आस त्या रॉकरवर. खड्ड्याच्या काठावर चाक उचललं गेलं की रॉकर फिरतो, पुढचा पाय वर ढकलतो, स्प्रिंग दबते. लहान मुलांच्या सी-सॉसारखं. यात न दिसणारं असं काहीच नाही.

हा फोर्क चाळीस वर्षं चालला. दुसऱ्या महायुद्धात हार्लेनं सैन्यासाठी जी डब्ल्यूएलए गाडी बनवली, तिलाही हाच होता. त्या काळात सैन्यांसाठी कंपनीनं सुमारे ९० हजार गाड्या बनवल्या असं सांगतात, आणि त्यातल्या पुष्कळ सोव्हिएत रशियाला गेल्या. म्हणजे चिखल, बर्फ, खंदक सगळं या सी-सॉनं पाहिलं.

पण तोवर प्रतिस्पर्धी तयार झाला होता. बीएमडब्ल्यूनं १९३५ साली आर-१२ या गाडीला तेलाचं डॅम्पिंग असलेला टेलिस्कोपिक फोर्क दिला. एक नळी दुसऱ्या नळीत सरकते, आत स्प्रिंग आणि तेल. स्प्रिंगचा एक दुर्गुण असतो. ती दबली की नुसती परत येत नाही, नाचत राहते. तो नाच थांबवायला तेल लागतं. ते या पाइपांच्या पोटातच होतं. शिवाय सुटे भाग कमी, वजन कमी, धूळ आत जायची भीती कमी, चाकाला वरखाली व्हायला जागा जास्त.

१९४९ साली हार्लेनं आपल्या मोठ्या गाड्यांना हाच फोर्क लावला आणि गाडीचं नावच ठेवलं हायड्रा-ग्लाइड. म्हणजे तेलावर तरंगणारी. १९४८चं मॉडेल मोठ्या गाड्यांतलं स्प्रिंगरवालं शेवटचं. हा झाला पहिला मृत्यू, आणि तो स्वच्छ होता. जास्त चांगलं आलं, कमी चांगलं गेलं. इंजिनिअर म्हणून माझी यावर काही तक्रार नाही.

गोष्ट इथे संपायला हवी होती, पण ती इथून सुरू होते.

युद्ध संपल्यावर सैन्याच्या जुन्या गाड्या स्वस्तात विकायला निघाल्या. घरी परतलेल्या तरुण पोरांनी त्या घेतल्या, मडगार्ड कापले, नको ते काढून टाकलं. पुढे साठ-सत्तरच्या दशकात लांब चिमट्याच्या चॉपर गाड्यांचं वेड आलं, तेव्हा भंगारातले स्प्रिंगर शोधून काढून, लांबवून लावायची टूम निघाली. कंपनीनं टाकलेली वस्तू गिऱ्हाइकांनी उकिरड्यावरून उचलून घरात आणली, असा मामला.

इकडे कंपनीची अवस्था वाईट होती. जपानी गाड्या जास्त भरवशाच्या होत्या. १९८१ साली १३ अधिकाऱ्यांनी मिळून कंपनी आधीच्या मालकांकडून विकत घेतली. त्यात संस्थापकांच्या घरातले विली जी. डेव्हिडसनही होते, डिझाइनचे प्रमुख. तंत्रज्ञानाच्या शर्यतीत जपान्यांना गाठणं अवघड होतं. पण जपान्यांकडे नसलेली एक गोष्ट यांच्याकडे होती, ती म्हणजे १९०३पासूनचा भूतकाळ. मग त्यांनी तो विकायला काढला.

१९८४ साली सॉफ्टेल आली. सेंट लुईसच्या बिल डेव्हिस नावाच्या इंजिनिअरचं डिझाइन कंपनीनं विकत घेतलं होतं. मागचे शॉक अब्सॉर्बर गाडीच्या पोटाखाली लपवलेले, त्यामुळे गाडी दिसायला जुन्या, मागे सस्पेन्शन नसलेल्या गाडीसारखी. मागून जुनी दिसते तर पुढून का नको? म्हणून १९८८ साली, कंपनीच्या पंच्याऐंशीव्या वर्षी, स्प्रिंगर परत आला. चाळीस वर्षांनी.

आता गंमत बघा. हा जुना फोर्क परत आणायला त्यांना कंप्युटर लागला! १९४८च्या गाडीचे वेग आणि १९८८चे वेग यांत जमीन-अस्मानाचा फरक. म्हणून कॅडवर सगळी भूमिती नव्यानं मांडली, सांध्यांत टेफ्लॉनच्या बेअरिंगा घातल्या, मध्ये एक तेलाचा शॉक अब्सॉर्बर दिला, चाकाला डिस्क ब्रेक दिला. मागचा शॉक लपवायचा आणि पुढची स्प्रिंग दाखवायची, असं दुहेरी नाटक त्या एका गाडीत होतं.

आता त्या दोन म्हाताऱ्यांकडे येऊ.

एकाची गाडी ती स्प्रिंगर. नव्वदच्या दशकातली, चकाचक. दुसरा लांबच्या प्रवासाची बोजड गाडी घेऊन आलेला, आयुष्यभर मशीन शॉपमध्ये काम केलेला. मी भोळेपणानं विचारलं, "ही आता मिळत नाही का?" झालं, ठिणगी पडली.

मशीन शॉपवाल्याचं म्हणणं असं. हा फोर्क दागिना आहे, सस्पेन्शन नव्हे. चाकाला हलायला जागा कमी, मोठा खड्डा आला की मनगटापर्यंत ठोका. पुढे एकच डिस्क. सांधे इतके की एकाचं बुश सैल झालं तरी वेगात हँडल थरथरायला लागतं. क्रोमच्या इतक्या कानाकोपऱ्यांत पाणी साठतं की पावसानंतर अर्धा दिवस फडकं घेऊन बसायचं. आणि एवढं करून पैसेही जास्त. "१९४९ सालीच याचा निकाल लागला होता," हा त्याचा शेवटचा मुद्दा.

स्प्रिंगरवाल्यानं यातला एकही मुद्दा खोडला नाही. हे मला तेव्हाही विशेष वाटलं. तो म्हणाला, ब्रेक मारल्यावर तुझ्या गाडीचं नाक खाली जातं, माझ्या गाडीचं फारसं जात नाही. पण ते सोड. मी रस्त्यावरून जातो तेव्हा समोरच्या स्प्रिंगा हलताना मला दिसतात. खालून रस्ता काय बोलतोय ते मला डोळ्यांनी कळतं. तुझ्या पाइपांत काय चाललंय ते तुला कधी दिसलं का?

मशीन शॉपवाला म्हणाला, मला बघायचंच नाही. मला पाठ शाबूत ठेवून घरी पोचायचंय.

दोघंही खरं बोलत होते. मग भांडण कशाचं? मी बराच वेळ तिथे गार झालेली कॉफी घेऊन उभा होतो, आणि मला वाटलं, हे दोघं एकाच वस्तूबद्दल बोलत नाहीयेत. एक म्हणतोय ही वस्तू काम कसं करते, दुसरा म्हणतोय ती काम करताना कशी दिसते. दुसऱ्या म्हणण्याला 'शोबाजी' म्हणून उडवून लावणं सोपं आहे. पण घड्याळाला काचेची पाठ आवडणारा माणूस काही वेळ बघायला घड्याळ घेत नाही.

कंपनीनं शेवटी हिशोब केला. हेरिटेज स्प्रिंगर हे १९९७ला आलेलं मॉडेल २००३पर्यंत चाललं. मूळ स्प्रिंगर सॉफ्टेल २००६ला थांबलं. स्प्रिंगर क्लासिक २००५ ते २००७. मग २००८ला क्रॉस बोन्स नावाची काळी, युद्धानंतरच्या गाड्यांच्या थाटाची गाडी आली आणि २०११नंतर तीही गेली. त्यानंतर कारखान्यातून स्प्रिंगर लावलेली हार्ले आलेली नाही. हा दुसरा मृत्यू.

आमच्या धंद्यात हे दर तिमाहीला होतं. एखादं जुनं फीचर असतं, वापरणारे थोडे, सांभाळायचा खर्च मोठा. मीटिंगमध्ये एक आलेख दाखवतात, सगळे माना डोलावतात, फीचर बंद. मग त्या थोड्या लोकांच्या मेल येतात, आणि त्या मेलची भाषा आकडेवारीची नसते, घरातलं माणूस गेल्याची असते. मी स्वतः असे दोन आलेख दाखवले आहेत. मेल वाचल्या नव्हत्या, हेही कबूल करतो.

पण मला जास्त छळणारा प्रश्न वेगळा होता. स्प्रिंगर मेला तो त्याचं तत्त्व चुकीचं होतं म्हणून का? परत आल्यावर जमेल तसं वाचत गेलो, आणि उत्तर चक्क 'नाही' निघालं.

स्प्रिंगर आणि आमची राजदूत ही एकाच खानदानातली. चाकाचा आस पुढे आलेल्या हातावर, म्हणजे लीडिंग लिंक. अर्नेस्ट अर्ल्स या इंग्रज माणसानं १९५०च्या दशकात लांब हाताचा असा फोर्क काढला आणि बीएमडब्ल्यूनं, हो, १९३५ला टेलिस्कोपिक आणणाऱ्या त्याच बीएमडब्ल्यूनं, १९५५ ते १९६९ आपल्या गाड्यांना तो लावला. साइडकार जोडलेल्या गाडीला तो पाइपांपेक्षा बरा पडायचा. राजदूतचा फोर्क त्याच जातीचा. ब्रेक लावला की फिरणारं चाक ब्रेकमार्फत त्या हाताला आपल्याबरोबर फिरवू बघतं आणि गाडीचं तोंड वर उचललं जातं. आबांची गाडी मान वर करायची ती अशी! होंडाच्या १९५८च्या सुपर कबलाही पुढे छोटी लीडिंग लिंकच होती, आणि सुपर कबचे एकूण आकडे १० कोटींच्या पुढे गेले आहेत. म्हणजे मागासलेलं वगैरे म्हणायची सोय नाही.

आणि सगळ्यात मोठा धक्का. होंडानं २०१८च्या गोल्ड विंगला पाइपवाला फोर्क काढून टाकला. त्या जागी डबल विशबोन आणलं. चाक एका ताठ चिमट्यात, तो चिमटा दोन आडव्या हातांवर, आणि स्प्रिंग व शॉक वेगळा. नॉर्मन हॉसॅक या स्कॉटिश इंजिनिअरनं ही कल्पना आधी मांडली होती. तिचं मूळ शोधत गेलं तर आपण युद्धापूर्वीच्या गर्डर फोर्कपाशी पोचतो, म्हणजे स्प्रिंगरच्या चुलत्यापाशी. जगातल्या अत्यंत आधुनिक प्रवासी मोटरसायकलीत पणजोबा परत आले, आणि बहुतेकांना कळलंही नाही, कारण ते प्लास्टिकच्या आवरणामागे आहेत.

इथे मला माझं उत्तर मिळालं. गर्डरला आपला चेहरा बदलायची मोकळीक होती, म्हणून तो सुधारत गेला आणि जगला. स्प्रिंगरला १९८८ साली परत आणलं ते मुळी चेहऱ्यासाठी. त्याला सुधारायचं म्हटलं की तो स्प्रिंगरसारखा दिसेनासा होणार, आणि न सुधारावं तर मशीन शॉपवाला म्हणतो ते सगळं खरं राहणार. पहिल्यांदा तो मेला कारण त्याच्यापेक्षा चांगलं कोणी आलं. दुसऱ्यांदा मेला कारण त्याला बदलायची परवानगी नव्हती.

आणि नियतीचा विनोद बघा. हार्लेनं २०२४ला हायड्रा-ग्लाइड रिव्हायव्हल नावाची मर्यादित आवृत्ती काढली. १९४९ला स्प्रिंगरला घालवणारे ते पाइप! आता तेच जुन्या काळची आठवण म्हणून विकले जातात. त्यांचं एक बरं आहे, आतलं सामान कितीही बदललं तरी बाहेरून पाइप तो पाइपच.

तर बाबांचा प्रश्न. मंगळवारी मी फोन केला.

खरं सांगतो, फोन करेपर्यंत माझं उत्तर 'बदला' हेच होतं. बाबा एकसष्टचे आहेत. खिळखिळ्या चिमट्यावर एकसष्ट वर्षांचा माणूस जाणार असेल, तर माझं हे सगळं पुराण गेलं खड्ड्यात. आठवणींसाठी हाडं मोडून घ्यायची नसतात. म्हणून आधी विचारलं, "तुम्ही ती चालवता किती?"

"रविवारी फक्त. मळ्यापातूर. आबांच्या वाटेनं."

"किती वेगानं?"

"आरं, बैल पुढं जातील, तेवढ्या."

मग विचारलं, बुश सोडून बाकी काय गेलंय? हात वाकलाय का, कुठे चीर आहे का? मिस्त्री म्हणाला होता, नाही, लोखंड दणकट आहे, फक्त बुश मिळत नाहीत. मिळत नाहीत म्हणजे दुकानात मिळत नाहीत. पण कोल्हापुरात बसून 'पार्ट मिळत नाही' म्हणणं म्हणजे पंढरपुरात बसून विठोबा सापडत नाही म्हणण्यासारखं आहे. उद्यमनगरात गल्लीगल्लीत लेथ आहेत.

म्हटलं, "जुनं बुश आणि पिन घेऊन उद्यमनगरात जा. गनमेटलची बुश टर्न करून घ्या, पिन पण नवी करा, ग्रीस भरायला जागा ठेवायला सांगा. आणि ब्रेकचे लायनर बदला, ते आधी."

"म्हंजे जुनंच ठेवायचं?"

"दिसायला जुनंच. आतली बुश नवी."

पलीकडे थोडा वेळ शांतता. मग बाबा म्हणाले, "बरं झालं बाबा. मिस्त्रीला मी आधीच सांगून आलोय, चिमटा काढू नको म्हणून. तुला नुसतं विचारत होतो."

असो. शनिवारी बुश बसलीत. बाबांनी बारा सेकंदांचा व्हिडिओ पाठवलाय. मळ्याच्या वाटेवर गाडी येते, कॅमेऱ्यापाशी ब्रेक लागतो आणि राजदूत मान वर करते. मी तो सात-आठ वेळा तरी पाहिला असेल. सोमवारच्या मीटिंगसाठी अजून एक आलेख करायचाय. या वेळी मेलही वाचेन म्हणतो.